बिघाड बोलून दाखवणारं इंजिन

तळेगावजवळच्या वराळ्याच्या माणसाने डिझेल इंजिनावर पोट भरलं, हे जरा उलटंच झालं. आमच्या मावळातल्या रेल्वेला विजेची सवय फार जुनी. कल्याण ते पुणे विद्युतीकरण १९२९-३० मध्येच पुरं झालं आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली तीही विजेच्या इंजिनावर. देशातल्या बहुतेक गावांनी आधी कोळशाचं इंजिन पाहिलं, मग डिझेलचं, आणि विजेचं अगदी अलीकडे. आमच्याकडे कोळशामागोमाग एकदम वीज आली. तळेगाव स्टेशनात डिझेल इंजिन दिसणं म्हणजे अप्रूप. ते बघायचं तर पुण्याला जायचं, कारण तारा पुण्यात संपायच्या. मुंबईहून आलेल्या गाडीचं विजेचं इंजिन तिथे सुटायचं आणि सोलापूर किंवा मिरजेकडे न्यायला डिझेल लागायचं. प्रवासी तेवढ्यात खाली उतरून चहा-वडा उरकून घ्यायचे.

आयटीआयला मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला तो ट्रक-ट्रॅक्टरच्या गॅरेजवर नजर ठेवून. रेल्वेत भरती निघाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये खलाशी म्हणून लागलो. वराळ्याहून तळेगाव स्टेशनपर्यंत सायकल, तिथून पुण्यापर्यंत १९७८ साली सुरू झालेली लोणावळा-पुणे लोकल आणि पुढे शेड. म्हणजे रोज विजेच्या गाडीत बसून डिझेलची इंजिनं दुरुस्त करायला जायचो. परतीच्या लोकलमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावायचा, कारण डांगरी बदलली तरी डिझेलचा वास कातडीतून जात नाही.

खलाशाचा फिटर झालो, फिटरचा मिस्त्री झालो, आणि निवृत्त झालो तोवर ज्या इंजिनावर काम शिकलो ते बहुतेक मोडीत निघालं होतं. डब्ल्यूडीएम-२ हे त्याचं कागदावरचं नाव. शेडमध्ये आम्ही त्याला आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांना अल्को म्हणायचो. अल्को उत्तम होतं म्हणून इतकी वर्षं टिकलं, असं मला वाटत नाही. ते आमच्यासारख्यांना उघडता येत होतं म्हणून टिकलं.

अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची. तिची पहिली इंजिनं आपल्याकडे १९५७ पासून आली. ती १९५० अश्वशक्तीची होती. रेल्वेला पुढे आणखी ताकद हवी होती आणि इंजिन देशात बांधायचं होतं. १९६२ मध्ये दोन अमेरिकी स्पर्धक एकाच ताकदीची, २६०० अश्वशक्तीची इंजिनं घेऊन आले. एक अल्कोचं, दुसरं जनरल मोटर्सचं. जाणकार सांगतात की चालवायला जनरल मोटर्सचं सरस होतं. १९६९ मध्ये पहिली राजधानी एक्सप्रेस हावड्याला धावली ती त्याच इंजिनावर. पण अल्कोने तंत्रज्ञान द्यायची तयारी दाखवली आणि करार तिच्याशी झाला. वाराणसीला कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिलं इंजिन बाहेर पडलं. जनरल मोटर्सची ७२ इंजिनं आली, चालली आणि संपली. अल्कोची वाराणसीत अडीच हजारांहून जास्त झाली.

यातली गंमत पुढेच आहे. मूळ अमेरिकी कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. म्हणजे मी शेडमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा ज्या कंपनीचं इंजिन मी उघडत होतो ती कंपनीच जगात नव्हती. शंका आली तर पत्र कुणाला लिहिणार? उत्तर वाराणसीत, लखनौच्या संशोधन संस्थेत, परळच्या वर्कशॉपमध्ये किंवा शेजारच्या मिस्त्रीकडे मिळायचं. बहुतेक वेळा मिस्त्रीकडेच.

इंजिनाची ठेवण साधी होती. व्ही आकारात सोळा सिलिंडर, आठ उजवीकडे, आठ डावीकडे. प्रत्येक सिलिंडर जवळपास नऊ इंच व्यासाचा आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्युएल पंप. उभं असताना मिनिटाला चारशे फेरे, आठव्या नॉचला, म्हणजे हँडलच्या शेवटच्या पायरीला, हजार. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज खाली चाकांच्या धुऱ्यांवर बसवलेल्या सहा मोटरींना जाते आणि गाडी ओढली जाते. इंजिन सुरू करायचं तरी बॅटरीवर तोच जनरेटर मोटर म्हणून फिरवायचा. एकूण वजन जवळपास ११३ टन, टाकीत पाच हजार लिटर डिझेल. दोन्ही अंगांना ओळीने दारं. दार उघडलं की समोर हेड, पंप, पाइप. खाचरात उतरल्याशिवाय लावणी होत नाही, तसं या इंजिनात शिरल्याशिवाय काम होत नसे. पण शिरायला जागा ठेवलेली होती.

माझ्या मिस्त्रींनी मला पहिल्यांदा शिकवला तो टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, रन डाउन. इंजिन बंद केलं की सोळा सिलिंडरचा धडधडाट थांबतो, पण टर्बो आपल्या वेगात फिरतच असतो. त्याची बारीक शीळ हळूहळू उतरत जाते. तेव्हा कुणी बोलायचं नाही. घड्याळ लावून ऐकायचं. निदान दीड मिनिट तरी तो फिरत राहिला पाहिजे. त्याआधीच अडखळून थांबला तर आत बेअरिंग गेलंय किंवा पाती कुठेतरी घासतायत. पुष्कळ वेळ फिरला म्हणून खूश व्हायचं नाही. उतरताना आवाजात खरखर आली का, तेही बघायचं. दोन मिनिटांची तपासणी, हत्यार एकही नाही. पण ती चुकवून इंजिन बाहेर सोडलं आणि वाटेत टर्बो गेला, तर धुराचे लोट उठणार आणि मागची प्रत्येक गाडी लेट होणार.

दुसरं काम कमजोर सिलिंडर शोधायचं. ड्रायव्हरने रिपेअर बुकात लिहिलेलं असायचं, ‘इंजिन मिसफायर.’ सोळातला कुठला, ते तो सांगू शकत नाही. मग इंजिन चालू ठेवून एकेका पंपाचा रॅक हाताने शून्यावर आणायचा. म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल बंद. आवाज दबला तर तो सिलिंडर काम करत होता. सोडून द्या, पुढचा धरा. रॅक ओढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही की समजायचं, हाच कामचोर. आधीपासूनच तो बसून होता, आपण डिझेल तोडलं ते त्याला कळलंही नाही. मग इंजेक्टर काढा, पंप बदला, तरी नाही जमलं तर हेड उतरवा. हेड काढलं तरी बाकीचं इंजिन जागचं हलवावं लागत नसे. एक सिलिंडर दुरुस्त करायला पंधरा उघडावे लागत नाहीत, याची किंमत रात्रपाळीला कळते.

सगळंच कानावर चालायचं असं नाही. शेडची प्रयोगशाळा ल्युब ऑइलचे नमुने तपासायची. तेलात तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग झिजतंय. क्रोमियम वाढलं तर रिंगा आणि लायनरकडे बघा. सिलिकॉन दिसलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जातेय. तेलात पाणी सापडलं की सगळी शेड गंभीर व्हायची, कारण मग हेडला चीर गेली की लायनरचं सील फुटलं, हे शोधल्याशिवाय सुटका नाही. इंजिनाच्या पाण्यात गंज लागू नये म्हणून केमिकल घालायचे. ते पाणी पिवळट दिसायचं आणि गळती झाली की वाळून पिवळा डाग पडायचा. आम्ही तो डाग बघत चढायचो. पुढे कळलं की ते क्रोमेट अंगाला घातक, म्हणून ते बंद होऊन दुसरं आलं. डाग शोधायची सोय गेली, पण आमची कातडी वाचली.

एक प्रसंग आठवतो, कारण त्यातून मी बिघाड शोधण्यापेक्षा बिघाड विचारायला शिकलो. पुण्याहून मिरजेकडे जाताना शिंदवणे घाट लागतो आणि पुढे सालप्याजवळ आदर्कीचा. एक इंजिन ठरलेली तपासणी होऊन गेलं आणि लगेच तक्रार आली, ‘घाटात ओढत नाही.’ शेडमध्ये आणून लोड बॉक्सवर लावलं. म्हणजे गाडी न जोडता, जागेवरच आठव्या नॉचला पूर्ण ताकद घेऊन बघायची. तेव्हा आजूबाजूला काही ऐकू येत नाही, बोटांच्या खुणांनी नॉच सांगायचे. आकडे चोख आले. इंजिन परत पाठवलं, परत तीच तक्रार. फिल्टर बदलले, गव्हर्नर बघितला, टर्बोचा रन डाउन घेतला. कुठेच काही नाही.

मिस्त्री वैतागले नाहीत. म्हणाले, “इंजिनाला किती विचारशील? ड्रायव्हरकाकांना विचार. घाटात म्हणजे नेमकं कुठे, आणि कधी?”

ड्रायव्हरकाका म्हणाले, “सकाळच्या फेरीला. दुपारी कुरकुर नाही. झिमझिम पाऊस असला की चढाला चाकं फिरायला लागतात, लाइट लागतो आणि लोड सुटतं.”

मिस्त्री थेट सँड बॉक्सकडे गेले. चाकं घसरायला लागली की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो, म्हणजे पकड येते. पेटीत वाळू भरलेली होती, पण दमट. तिचे गठ्ठे होऊन पाइप तुंबला होता. चाक घसरलं की रिले उचलायचा आणि इंजिन आपली ताकद आपणहून कमी करायचं. ते त्याचं काम चोख करत होतं. आम्ही लोड बॉक्सवर ताकद तपासत होतो आणि तिथे चाक फिरतच नाही. वाळू काढली, पाइप मोकळे केले, कोरडी चाळलेली वाळू भरली. तक्रार संपली. मावळात वाढलेल्या माणसाला पावसाची अक्कल वेगळी शिकवायला नको होती, पण शेडच्या छपराखाली पाऊस विसरायला होतो.

या इंजिनाचे दोष मी झाकून ठेवणार नाही. तेल गळायचं. ड्रायव्हरने नॉच झटकन वाढवला की टर्बोला वेग घ्यायला वेळ लागायचा, तोवर डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. लांब बोनेट पुढे करून चालवताना ड्रायव्हरला पुढचं नीट दिसत नसे. पावसाळ्यात रुळावर पाणी चढलं की खाली लटकलेल्या मोटरींत पाणी शिरायचं. मग मेगर लावून इन्सुलेशन तपासा, गरम हवा सोडा, वाळवा. ठराविक दिवसांनी ट्रिप, मग महिन्याची तपासणी, तिमाही, वार्षिक. इंजिन सारखं शेडमध्ये येऊन उभं. इतक्या लोकांना रोजगार मिळाला याचं एक कारण म्हणजे ते इतकं काम काढायचं. आणि लोड बॉक्सच्या त्या गर्जनेने माझ्या डाव्या कानाचा बराच भाग नेला. ज्या कानाने टर्बो ओळखायचो त्याला आता दारावरची बेल ऐकू येत नाही.

पण दोष ओळखीचे होते आणि ओळखीचे असल्यामुळे ते बदलता आले. माझ्या नोकरीत अल्को बाहेरून तेच राहिलं आणि आतून पार बदललं. व्हॅक्यूम ब्रेकच्या जमान्यात एक्सप्रेसर नावाचं यंत्र व्हॅक्यूमही करायचं आणि हवाही दाबायचं. पुढे गाड्या एअर ब्रेकच्या झाल्या आणि त्याचं अर्धं काम गेलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनऐवजी स्टीलच्या टोपीचे पिस्टन आले. फ्युएल पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरचा होता तो १७ चा झाला, टर्बो सुधारले, डिझेल कमी लागू लागलं. डीसी जनरेटर जाऊन अल्टरनेटर आला, म्हणजे जनरेटरचा कॉम्युटेटर घासायची कटकट संपली. त्याच सोळा सिलिंडरांतून २६०० ऐवजी ३१०० अश्वशक्ती निघू लागली. निम्मं आयुष्य झालेली इंजिनं पतियाळाला जाऊन नव्या ताकदीने परत यायची. १९९५ च्या सुमारास मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी-३ए आलं, २००३ च्या सुमारास ३३०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३डी. श्रीलंकेच्या रेल्वेतही वाराणसीहून याच घराण्यातली इंजिनं गेली. १९६२ च्या फिटरला २००३ चं इंजिन उघडून दिलं असतं, तर चार गोष्टी विचारल्या असत्या आणि कामाला लागला असता.

याच काळात नव्वदच्या दशकातल्या करारातून जनरल मोटर्सची इंजिनं पुन्हा आली, या वेळी तंत्रज्ञानासकट. चार हजार अश्वशक्ती, एसी मोटरी, कॉम्प्युटरवर चालणारं नियंत्रण. ती इंजिनं निर्विवाद चांगली. कमी बिघडतात, शेडमध्ये कमी येतात, जड मालगाडी घेऊन चढावर चाक घसरू देत नाहीत. बिघाड झाला तर पडद्यावर सांगतात. पण पडदा सांगतो तेवढंच कळतं. अमुक कार्ड खराब म्हटलं की कार्ड बदलायचं. कार्डाच्या आत काय झालं ते आमच्या शेडमधल्या कुणाला बघता येत नाही. नवीन मुलं हुशार होती, लॅपटॉप लावून पाच मिनिटांत नोंदी काढायची. तरी एखादा बिघाड पडद्यावर उमटलाच नाही, तर तीच मुलं मला शोधत यायची. त्यांच्यात काही कमी नव्हतं. यंत्राने त्यांना आत शिरायला जागा ठेवली नव्हती, एवढंच.

आता तर डिझेलचाच जमाना सरला. पुणे-दौंड मार्गावर तारा आल्या, मिरजेकडेही आल्या. पुण्यात इंजिन बदलायचा तो थांबा गेला आणि चहावाल्याचा धंदा थोडा बसला. वाराणसीच्या कारखान्याने आपल्या रेल्वेसाठी अल्कोचं उत्पादन थांबवलं आणि जुनी डब्ल्यूडीजी-३ए इंजिनं घेऊन त्यांच्यातलं डिझेल इंजिन काढून, दोन-दोन जोडून, दहा हजार अश्वशक्तीचं विजेचं इंजिन केलं. २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ शब्दही गेला. देशभरच्या अनेक डिझेल शेडमध्ये आता विजेची इंजिनं दुरुस्तीला उभी असतात. मला याचं दुःख नाही. धूर गेला, खर्च वाचतो, आणि विजेच्या गाडीने नोकरीवर गेलेल्या माणसाने विजेला नावं ठेवू नयेत. डिझेल मात्र पूर्ण गेलं नाही. यार्डात डबे हलवायला आणि वादळात तार तुटली की अडकलेली गाडी ओढून आणायला ते लागतंच. आमच्या भागातला पाऊस बघता लागत राहील.

वराळ्यात आता शेतापेक्षा कारखान्याच्या बसची वेळ लोकांना जास्त पाठ असते. इंद्रायणीपलीकडे एमआयडीसी आहे, पुढे चाकण आहे. माझा भाचा तिथे एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याला मी सांगत असतो, नवीन मशीन आलं की त्याचा वेग आधी विचारू नकोस. त्याचं झाकण कोण उघडणार, कुठल्या पान्याने, आणि सुटा भाग कुठे मिळणार, हे विचार. अल्को निवडणाऱ्यांनी १९६२ मध्ये नेमकं हेच विचारलं होतं, म्हणून कंपनी बुडाल्यावरही इंजिन पन्नास वर्षं चाललं.

भाचा हसतो. म्हणतो, “मामा, आमच्या मशीनच्या झाकणावर स्टिकर असतं. फाटलं की वॉरंटी गेली.”

अल्कोच्या एकाही दारावर असलं स्टिकर नव्हतं. कडी होती आणि ती दोन्ही बाजूंनी उघडायची.